ट्रिपांची वही

बाबांच्या ट्रकाची एक वही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली. डावीकडे तारीख आणि वार, मग ट्रिपा किती, डिझेल किती घातलं, ड्रायव्हरला किती दिले, आणि शेवटी ‘इतर’ असा एक रकाना. ‘इतर’मध्ये पंक्चर, बॅटरी, ताडपत्री, लईराईच्या जत्रेची वर्गणी असं काहीबाही. अक्षर बाबांचंच, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं. प्रत्येक शब्दावर पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ.

आमचं गाव गोव्याच्या डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. तिथे ज्याची थोडीफार पत होती त्याने कर्ज काढून टिप्पर घेतला. खाणीवर माल भरायचा, मांडवीकाठच्या जेटीवर नेऊन ओतायचा. तिथून तो बार्जमधून मुरगावला आणि पुढे बोटीतून परदेशी. पाऊस सरला की हंगाम सुरू, मे संपता संपता बंद. हंगामात आमच्या अंगणातली तुळस तांबडी असायची. आई रोज सकाळी आधी तिच्या पानांवर पाणी शिंपडायची, मग मुळाशी घालायची. कपडे आतल्या खोलीत वाळायचे. विहिरीचं पाणी दर वर्षी थोडं खाली जात होतं, ते आम्हाला दिसत होतं. आणि माझं बी.एड.पर्यंतचं शिक्षण त्याच मालावर झालं, हेही तितकंच खरं आहे. खाणींबद्दल लिहिताना मी बाहेरची म्हणून लिहू शकत नाही.

२१ एप्रिल २०१४ ला खाणींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. माझं लग्न होऊन मी तोवर बार्देशात आले होते. पुढच्या सुट्टीला माहेरी गेले तेव्हा बाबांकडे जुन्या वह्या मागितल्या. मला एकच पान बघायचं होतं.

२२-११-०७, गुरु. ट्रिपा ४.
२३-११-०७, शुक्र. ट्रिपा ४. पंक्चर १.

दोन्ही ओळींची शाई तीच, अक्षर तेच. मधे काही घडलं असावं अशी कसलीही खूण नाही.

पण त्या दोन ओळींच्या मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींची कायदेशीर मुदत संपली होती. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द झाल्या आणि त्यांना लीज मानण्यात आलं. त्या लीजचं वीस वर्षांचं पहिलं नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ ला संपलं. दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज सरकारकडे पडून होते, आणि अर्ज पडून आहे तोवर मुदत आपोआप वाढली असं धरून सगळा कारभार चालला होता. न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या नूतनीकरणाला तशी आपोआप वाढ मिळत नाही. म्हणजे त्या तारखेनंतर जमिनीतून निघालेला प्रत्येक टन बेकायदा.

बाबांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मग वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “कोणेंच सांगलें ना गो बाय.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते खरं होतं. खाण खात्याने सांगितलं नाही, खाणवाल्याने सांगितलं नाही, कर्ज देणाऱ्या बँकेने सांगितलं नाही. रॉयल्टी भरली जात होती, परवाने निघत होते, रस्त्यावर वाहतूक पोलीस उभे होते. सरकारचा शिक्का असलेला कागद ड्रायव्हरच्या खिशात होता. चौथी शिकलेल्या माणसाने आणखी काय तपासायचं होतं?

गोव्याच्या खाण घोटाळ्याचं नाव काढलं की लोकांना आकडा आठवतो. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने सांगितलेला, सुमारे ३५,००० कोटींचा. सप्टेंबर २०१२ मध्ये अहवाल संसदेत मांडला गेला तेव्हा तो आकडा प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता. बसमध्ये, बाजारात, शिक्षकांच्या खोलीत, जो तो तोच आकडा बोलत होता. मीही बोलत होते. पण पस्तीस हजार कोटी ही रक्कम माझ्या आवाक्यातली नाही, ती मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. आणि जे डोळ्यांसमोर येत नाही त्याच्याबद्दल माणूस चार दिवस चिडतो आणि सोडून देतो. तारखेचं तसं नाही. २२ नोव्हेंबरला मी कुठे होते, बाबा कुठे होते, हे मला सांगता येतं. तेव्हापासून कुठलाही सरकारी निर्णय किंवा घोटाळा वाचताना मी आकड्याआधी तारीख शोधते.

आता २००७ चा तो सगळा काळच आठवून बघा. वर्षाच्या सुरुवातीला सरकारला कोणती जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा, २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला होता. गोवा बचाव अभियानाची माणसं गावागावांत नकाशे घेऊन फिरली होती, लोकांनी आपापला सर्व्हे नंबर त्या नकाशात शोधला होता, आणि आपल्या डोंगरावर वस्तीचा रंग चढलेला बघून ते पणजीला गेले होते. वर्ष संपताना सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या विरोधातलं आंदोलन पेटलं होतं. ३१ डिसेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सेझ रद्द करत असल्याचं जाहीर केलं. आम्ही सगळ्यांनी तो आपला विजय मानला, आणि तो विजय होताच. पण या दोन विजयांच्या मधे एक गुरुवार आला आणि गेला. त्याची बातमी झाली नाही, त्या दिवशी मोर्चा निघाला नाही. माझ्या बाबांनी तर त्या दिवशी चार ट्रिपा मारल्या.

मला वाटतं, सरकारचा जो निर्णय आपल्याला सगळ्यांत महागात पडतो तो बहुतेक वेळा न घेतलेला निर्णय असतो. अर्ज पडून राहू देणं. मुदत संपू देणं. ज्याच्यावर सही करायची तो कागद फाइलीत खाली सरकवणं. त्याला ना कोणाची सही लागते, ना कोणाचं नाव.

आणि घाई करायची ठरवली तर सरकार किती घाई करू शकतं, हे जानेवारी २०१५ मध्ये दिसलं. केंद्र सरकार खाणींची लीज लिलावानेच देण्याचा अध्यादेश आणणार होतं. तो १२ जानेवारीला आला. गोवा सरकारने त्या काळात ८८ लीजचं नूतनीकरण केलं, आणि त्यातली ५६ लीज ६ ते १२ जानेवारी या एका आठवड्यात केली. ३१ तर थेट १२ तारखेला, अध्यादेश निघाला त्याच दिवशी. सात वर्षं जे अर्ज हलले नव्हते ते सात दिवसांत निकाली निघाले. २००७ मध्ये काँग्रेसचं सरकार होतं, २०१५ मध्ये भाजपचं. एका सरकारने थांबून राहून आणि दुसऱ्याने धावत सुटून, शेवटी खाणवाल्यांचंच काम केलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ती सगळी ८८ नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या.

आमच्या घरी मात्र सगळं त्याआधीच संपलं होतं. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी तात्पुरत्या बंद ठेवण्याचा आदेश काढला. त्या वर्षी चतुर्थी १९ तारखेला होती. हंगाम तोंडावर आला म्हणून बाबांनी नुकतेच सगळे टायर बदलून घेतले होते, बॉडीला रंग काढला होता. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. नवे टायर लावलेला तो ट्रक आमच्या कुंपणाला लागून उभा राहिला. वहीतली शेवटची नोंद मे महिन्यातली. त्यानंतरची पानं कोरी.

माझे दादा, म्हणजे मोठे भाऊ, त्या वेळी ट्रकवाल्यांच्या मोर्चांना जायचे. खाणी सुरू करा म्हणून. मी त्यांना एकदा विचारलं, की तुम्ही मागताय काय, ज्यांनी तुम्हाला अंधारात ठेवलं त्यांचाच धंदा परत सुरू करून? ते माझ्यावर रागावले. “तू पगारावर आहेस,” एवढंच म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. हप्ता दर महिन्याला येत होता, आणि बँकेच्या हप्त्याची तारीख कधीही आपोआप पुढे जात नाही.

पक्षांतराचंही असंच. ‘दहा आमदार फुटले’ ही बातमी आपण दहा म्हणून वाचतो. पण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य एकत्र गेले तरच त्याला विलीनीकरण म्हणता येतं, हे डोक्यात ठेवून वाचा. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी १० जुलैला काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले. त्यांतले तिघे तीन दिवसांत मंत्री झाले. १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या अकरापैकी आठ गेले. सात जाऊन चाललं नसतं. एकाही वेळी हिशेब चुकला नाही. मतभेद होऊन माणसं पक्ष सोडतात तेव्हा ती एकेकटी, आपापल्या वेळी सोडतात, असा माझा तरी अनुभव आहे.

त्या दहा जणांच्या अपात्रतेचा निर्णय सभापतींनी २० एप्रिल २०२१ ला दिला. याचिका फेटाळल्या. त्यावर उच्च न्यायालयाचा निकाल आला २४ फेब्रुवारी २०२२ ला, आणि त्यानेही सभापतींचा निर्णय कायम ठेवला. पण तोवर, १४ फेब्रुवारीला, पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊन गेलं होतं. निकाल काहीही लागला असता तरी ज्या मतदाराने २०१७ मध्ये मत दिलं त्याच्या हाती त्याचा काय उपयोग होता?

त्यातली शपथेची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. २२ जानेवारी २०२२ ला काँग्रेसचे उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात गेले आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेऊन आले. आठ महिनेही झाले नाहीत. पक्ष बदलताना त्या आठांतल्या दिगंबर कामत यांनी पत्रकारांना सांगितलं की आपण देवळात जाऊन देवाला विचारलं आणि मगच निर्णय घेतला.

आमच्या गावात देवाला विचारणं ही साधी गोष्ट नाही. प्रसाद लावतात तेव्हा मूर्तीवर पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत राहतात की उजवी पडते की डावी. तिथे गाव हजर असतो. प्रश्न मोठ्याने विचारलेला असतो, आणि कौल सगळ्यांच्या देखत मिळतो. तो मनाविरुद्ध गेला तरी पाळायचा असतो. माझ्या आजीने एकदा घराचा सौदा ठरलेला मोडला होता, पाकळी डावी पडली म्हणून. नुकसान सोसलं, पण शब्द परत विचारायला गेली नाही. एकट्याने, बंद डोळ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आणि एकट्यालाच ऐकू आलेल्या उत्तराला आमच्याकडे कौल म्हणत नाहीत. देवाचं नाव असं वापरलेलं मला सहन होत नाही.

मांडवीतल्या कॅसिनो जहाजांबद्दल फार लिहायला नको. पर्यायी जागा मिळेपर्यंत म्हणून सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ कितीदा मिळाली ते कुठल्याही पणजीकराला विचारा.

जमिनीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण आता खाणपट्ट्यातलं माहेर आणि किनारपट्टीतलं सासर यांची गत एकच होत चालली आहे.

नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये १६ब कलम आलं, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ. नावं रुक्ष आहेत, पण तिघांचा परिणाम एकाच दिशेने: प्रादेशिक आराखड्यात ज्या जमिनीला शेत, बागायत किंवा नैसर्गिक आच्छादन म्हटलंय, तिचा तुकडा तुकडा काढून त्याला वस्तीचा दर्जा देता येणं. अख्खा आराखडा बदलायचा तर गावागावांतून लोक येतात, हे सरकारला २००७ मध्ये कळलं होतं. एकेक सर्व्हे नंबर बदलला तर फक्त शेजाऱ्याला कळतं, तेही त्याने राजपत्र वाचलं तर.

१७(२) मधला शब्द होता ‘अनवधानाने झालेली चूक’. आराखडा करताना नजरचुकीने काही राहून गेलं असेल तर ते दुरुस्त करायचं, असा त्याचा आधार. शब्द ऐकायला किती निरुपद्रवी वाटतो! पण राजपत्रात एकामागून एक दुरुस्त्या येत राहिल्या आणि त्या सगळ्या त्याच बाजूला झुकलेल्या, शेताकडून इमारतीकडे. मी सतरा वर्षं मुलांच्या वह्या तपासते आहे. नजरचूक कशी असते ते मला माहीत आहे. ती कधी या बाजूची असते, कधी त्या. सगळ्या चुका एकाच बाजूच्या निघाल्या तर मी मुलाला जवळ बोलावून विचारते. १३ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही आखडता केला. तोवर किती जमिनीचा रंग बदलला होता, हे त्या त्या गावाला आता कुंपण पडल्यावर कळतंय.

३९अ खाली निदान आधी सूचना निघते आणि हरकतीला तीस दिवस मिळतात. गेल्या पावसात अशीच एक सूचना मी वाचली आणि त्यात आमच्या वाड्याचं नाव होतं. सर्व्हे नंबर, पोट-विभाग, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, सध्याचा वापर भातशेत, प्रस्तावित वापर वस्ती. मी नंबर कागदावर लिहून सासऱ्यांना दाखवला. त्यांना नंबर कळला नाही. त्यांनी विचारलं, “कोणाच्या शेताच्या अंगाला?” मी मोबाइलवर नकाशा उघडला तसे ते उठले, छत्री घेतली आणि म्हणाले, चल, दाखवतो.

बांधावर उभं राहून त्यांनी मला अर्धा तास ती जमीन वाचून दाखवली. वरचं ते मरड, पाऊस लवकर ओढला तर तिथलं पीक जातं. मधलं खेर. आणि खाली, जिथे माडांची रांग संपते, ते खाजन. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, त्यातली मानस, म्हणजे पाण्याची झडप, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी. ज्या तुकड्याची सूचना निघाली होती तो बरोबर मधे. वरच्या वाड्याचं सगळं पावसाचं पाणी त्यातूनच खाली उतरतं. त्या दिवशीही उतरत होतं. पिंढरीएवढ्या पाण्यात रोपं उभी होती आणि पाण्याला ओढ होती, ती पानांच्या कलण्यावरून दिसत होती. “इथे भराव घातला तर पाणी आपल्या अंगणात येणार,” ते म्हणाले. त्यांना कलम माहीत नव्हतं. पण त्या जमिनीचा जो अहवाल त्यांनी मला दिला तो कुठल्याही फाइलीत नसणार.

आम्ही वाड्यावरच्या एकवीस जणांनी हरकत लिहिली. मी मराठीत मसुदा केला, शेजारच्या एका मुलीने इंग्रजी केला. ज्या कार्यालयात तो द्यायचा होता तिथल्या खिडकीवर मला सांगितलं गेलं की पेटीत टाका, पोच मिळत नाही. मी म्हटलं, पोच मिळेपर्यंत मी इथेच बसते. दीड तास बसले. बाबांची वही बघितली नसती तर कदाचित पेटीत टाकून आले असते. शेवटी शिक्का मारून मिळाला, तारखेसकट.

दादा म्हणतात, हे करून काय होणार, सगळे सारखेच. मला हे वाक्य घोटाळ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. सगळे सारखेच म्हटलं की वाचायचंच कारण उरत नाही. शेळ-मेळावलीच्या बायकांनी तसं म्हटलं असतं तर? सत्तरी तालुक्यातल्या त्या गावात आयआयटीसाठी जागा ठरली होती. जमीन कागदावर सरकारच्या नावे, पण पिढ्यान्‌पिढ्या काजू लावलेले, पोरांसारखे वाढवलेले त्या लोकांचे. जानेवारी २०२१ मध्ये सर्व्हे करायला आलेल्यांना त्यांनी रानाच्या वाटेवर अडवलं, पोलिसांशी झटापट झाली, आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचं जाहीर केलं. त्या बायकांचा सरकारवर विश्वास नव्हता, पण सरकारला आपलं ऐकावं लागेल यावर होता. मला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या आहेत.

बाबा आता सत्तरी ओलांडून गेलेत. ट्रक भंगारात गेला, टायर त्याआधीच विकले. गेल्या महिन्यात मी ती शेवटची वही त्यांच्याकडून मागून आणली. मे २०१२ नंतरची बरीच पानं शिल्लक आहेत, रकाने आखलेले. गोव्याचं राजपत्र गुरुवारी येतं. रात्री जेवणं आटोपली की मी ते मोबाइलवर उघडते, आमच्या आणि आसपासच्या गावांची नावं शोधते आणि वहीत उतरवते. तारीख आणि वार डावीकडे, बाबांच्याच रकान्यात. ट्रिपांच्या जागी सर्व्हे नंबर. डिझेलच्या जागी क्षेत्रफळ. ‘इतर’मध्ये हरकतीचा शेवटचा दिवस.

परवा बाबा चार दिवस राहायला आले होते. वही त्यांनी उघडून बघितली, पान उलटून परत मागे आले, आणि खिशातलं पेन काढून माझ्या एका नोंदीत वार लिहायचा राहिला होता तो भरला.